गोळी पाड्यावर पोहोचली पाहिजे

डहाणूहून येणारी गाडी बोरिवलीला आणि कसाऱ्याहून येणारी घाटकोपरला थांबते, तेव्हा नोकरदारांच्या गर्दीत रुग्णालयाची वाट विचारणारी कुटुंबेही उतरतात. जव्हार-मोखाड्याच्या वनवासी पाड्यांवरून आधी पायी, मग एस.टी.ने आणि शेवटी रेल्वेने त्यांनी मुंबई गाठलेली असते. मोडलेला हात घेऊन आलेल्याचे काम दोन-तीन फेऱ्यांत होते. अपस्माराच्या रुग्णाची फेरी मात्र दर महिन्याची, आणि तीही वर्षानुवर्षांची.

अपस्मार, म्हणजेच फेफरे वा मिरगी, हा मेंदूचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन ही औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. मग अडते कोठे? अडते ते सातत्यात. गोळी एकाएकी थांबली की झटके परततात. कधी ते थांबतच नाहीत आणि जिवावर बेतते. ऐन आवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून शहरात जाणे ज्याला परवडत नाही, त्याची गोळी चुकते. झटका पुन्हा आला की औषधावरचा विश्वास उडतो आणि घरचे भगताचा उंबरठा गाठतात. या दैवाला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या मुळाशी रिकामी झालेली औषधाची पुडी असते.

शहरानेही फार शहाणपण मिरवू नये. चरकसंहितेने अपस्माराच्या निदानाला आणि चिकित्सेला स्वतंत्र अध्याय दिले. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अडसर ठरणारी तरतूद १९९९ मध्ये वगळण्यात आली. तरीही अंधेरी-मुलुंडच्या सुशिक्षित घरांत हा आजार लपविला जातो आणि लपविण्याच्या नादात गोळी चुकते. तिथे अंतर नाही, पण परिणाम तोच आहे.

शिबिरे होतात, ती व्हावीतच. १९९१ पासून धावणाऱ्या ‘जीवनरेखा’ या रुग्णालय-रेल्वेतही पुढे अपस्माराची तपासणी सुरू झाली. परंतु शिबिर निदान करून जाते. चौथ्या महिन्याची गोळी कोण देणार? साध्या रुग्णाचा उपचार प्रशिक्षित प्राथमिक डॉक्टर करू शकतो. तेव्हा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधे अखंड असणे, गुंतागुंतीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून वा ‘ई-संजीवनी’वरून तज्ज्ञाचा सल्ला मिळणे आणि गोळी संपण्याआधी आशा कार्यकर्तीने दार ठोठावणे, ही शासनाची जबाबदारी आहे.

समाजाचाही वाटा आहेच. सेवाकार्यासाठी पाड्यांवर जाणाऱ्या उपनगरांतील कार्यकर्त्यांनी रुग्णांची वही ठेवावी आणि कुणाची गोळी कधी संपते, याची तीत नोंद करावी. झटका आल्यास कांदा वा चप्पल न हुंगवता रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर तातडीने रुग्णालय गाठावे, एवढे घरोघर सांगावे. तज्ज्ञ प्रत्येक पाड्यावर नेता येणार नाही. गोळी मात्र नेता येते. आणि ती नेली नाही, तर त्याचा दोष दैवाकडे जाणार नाही.