ए-फोरच्या देशात लेटरचा प्रिंटर

आपल्याकडे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात रीम मागितली, की ए-फोरचीच मिळते. शाळेचा प्रोजेक्ट, सोसायटीची नोटीस, बँकेचा फॉर्म, सगळं याच मापात. अमेरिकेतला 'लेटर' कागद इथे शोधूनही सहसा सापडत नाही. तरीही घरच्या संगणकावरून दिलेली प्रिंट पुष्कळदा लेटर समजूनच निघते. संगणकाची प्रदेश-सेटिंग 'युनायटेड स्टेट्स' राहिलेली असते आणि अनेक प्रोग्रॅम तिच्यावरूनच कागदाचं माप धरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रिंटरला ए-फोर लावून देणं ही ग्राहकाची नव्हे, विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

फरक दिसायला किरकोळ वाटतो. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, तर लेटर २१५.९ बाय २७९.४, म्हणजे थोडा रुंद आणि जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर बुटका. 'फिट टू पेज' केलं की झालं, असं यावर सांगितलं जातं. पण ए-फोरचं पान लेटरच्या उंचीत बसवायला सुमारे ९४ टक्क्यांवर आणावं लागतं. पत्र किंवा कविता छापताना ते चालून जाईल. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो मात्र ३३ बाय ४२ च्या आसपास उतरतो, आणि अर्ज परत येतो तेव्हा अर्जदाराला कारणही कळत नाही. काही प्रिंटर तर ट्रेतला कागद आणि मागितलेलं माप जुळलं नाही, की नुसते थांबतात. पडदा नसलेल्या स्वस्त मॉडेलवर फक्त दिवा लुकलुकतो. माणूस कागद काढतो, झटकतो, पुन्हा घालतो, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या घट्ट करतो. त्या फार आवळल्या की कागद वाकतो आणि खरोखरच अडकतो. मूळ चूक ट्रेत नसतेच.

'सेटिंग ज्याची त्याने बदलावी' हा आक्षेप म्हणूनच मला पटत नाही. माप तीन ठिकाणी लिहिलेलं असतं: प्रिंटरमध्ये, संगणकावरच्या ड्रायव्हरमध्ये आणि ज्या प्रोग्रॅममधून छापायचं त्याच्यात. विंडोजमध्ये 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' बदलल्या तर त्या फक्त आपल्या खात्यापुरत्या. घरातल्या सगळ्यांसाठी बदलायचं तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये शिरून 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' गाठावं लागतं. इतकी शोधाशोध पेन्शनचा कागद काढणाऱ्या आजोबांनी का करायची? लीगल कागदाचा आक्षेप याहून वजनदार आहे, कारण काही कचेऱ्यांत तो अजून लागतो. पण सर्वोच्च न्यायालयानेच १ एप्रिल २०२० पासून ए-फोर आणि पाठपोट छपाई स्वीकारली. क्वचित लागणारं माप त्या एका कामापुरतं निवडावं.

करायचं काम थोडकंच आहे. प्रिंटर बसवायला आलेल्या माणसाने तिन्ही जागी ए-फोर लावावं, यंत्राला पाठपोट छपाई येत असेल तर तीही चालू करावी, आणि दहा सेंटिमीटरची रेघ शंभर टक्के मापात छापून ग्राहकासमोर पट्टीने मोजून दाखवावी.