लेकराचे नुकसान झाले तर कोणाला सांगावे?



या सदरात मी बियाणे, खते आणि फवारणी यांबद्दल लिहितो. या आठवड्यात हरभऱ्याच्या पेरणीवर लिहायचे ठरले होते. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. आजचा विषय अवघड आहे, पण वसतिगृहातली पोरे दिवाळीला घरी आलेली असतानाच तो सांगितलेला बरा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटाखालच्या एका गावात शेतीशाळा आटोपून मी मोटारसायकलला किक मारत होतो. एक वयस्क शेतकरी जवळ आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेब, पिकाचं नुकसान झालं त तुमी येता. लेकराचं झालं त कोनाले सांगाव?" दोन वाक्यांत त्याने सांगितले. नात दहा वर्षांची होती आणि माणूस नात्यातलाच होता. बोंडअळीवर तासभर बोलणारा मी, त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. "पोलिसांत जा," एवढेच म्हणालो. "कोर्ट-कचेरीले पैसा कुठून आनू?" असे म्हणून तो निघून गेला.

तो प्रश्न मनातून गेला नाही. मग मी ठिकठिकाणी विचारून माहिती जमवली. लेकरावर अत्याचार झाला तर त्याच्या उपचाराचा, वकिलाचा आणि आधाराचा खर्च सरकारने करायचा असतो. ती कोणाची मेहेरबानी नसून तुमचा हक्क आहे.

पहिली गोष्ट फोनची. १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते. फोन शेजाऱ्याने केला तरी चालतो, लेकराने स्वतः केला तरी चालतो.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. अशा लेकराला सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्याने मोफत उपचार दिलेच पाहिजेत. पोलिसांचा कागद आणा, मग पाहू, असे डॉक्टरला म्हणता येत नाही. पीक बुडाले की ७२ तासांत कळवा, असे आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. येथेही ७२ तास लक्षात ठेवा. एड्सचा संसर्ग टाळणारी औषधे तेवढ्या वेळात सुरू व्हावी लागतात, आणि पुरावाही दिवसागणिक नाहीसा होतो. म्हणून लेकराला आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखाना गाठावा. महिने-वर्षे उलटली असली तरी तक्रार करता येते. उशीर झाला म्हणून गप्प बसू नये.

तिसरी गोष्ट पोलिसांची. २०१२ साली पोक्सो कायदा झाला. त्याप्रमाणे लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे घ्यायचा असतो. तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि अंगावर गणवेश नसावा. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, गाव, शाळा वर्तमानपत्रात छापण्यास बंदी आहे. अब्रूच्या भीतीने गप्प बसणाऱ्या आईबापांनी एवढे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट पैशाची, कारण त्या आजोबांचे पाऊल तेथेच अडले होते. खटला सरकारी वकील चालवतो, त्याची फी तुम्हाला द्यावी लागत नाही. स्वतःचा वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो फुकट देते. मुले आणि स्त्रिया यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. एस.टी.चे भाडे, कपडे, जेवणखाण अशा तातडीच्या गरजांसाठी जिल्ह्याची बालकल्याण समिती मदतीची शिफारस करू शकते. २०२० च्या नियमांप्रमाणे ती रक्कम आठवड्याच्या आत मिळायला हवी. कोर्टात सोबत राहणारी सहाय्यक व्यक्तीही हीच समिती नेमून देते. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. २०१७ साली तिची मदत १० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. मुलींसाठी 'सखी' केंद्र आहे. तेथे उपचार, पोलीस, वकील आणि समुपदेशन यांची सोय एका छताखाली होते.

हा पैसा येतो कुठून? जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा खर्च 'मिशन वात्सल्य'मधून होतो. त्यात १०० रुपयांतले ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे. म्हणजे तुम्ही काडेपेटी घेताना, डिझेल भरताना जो कर देता, त्यातलाच तो आहे.

पण बंधूंनो, पैसा मंजूर होणे वेगळे आणि तो दारापर्यंत पोचणे वेगळे. अनुदानाच्या बाबतीत हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय पैसा पोचला तरी त्यावर गावाचा डोळा लागतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण उघडकीस आले. शाळा सरकारी अनुदानावर चालत होती. मुलींवर अत्याचार होत होते. दिवाळीच्या सुटीत घरी आल्यावर ही गोष्ट घरच्यांच्या कानी गेली, तेव्हा ती बाहेर पडली. शाळेतल्या माणसांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. ताटाला आणि खोलीला अनुदान होते. लेकराला विश्वासाने बोलता येईल असे माणूस मात्र तेथे नव्हते. पीक उभे करायला पैसा लावला आणि राखणीला कोणीच ठेवले नाही, तर हाती काय लागणार?

राखणीचे काम गावाचेही आहे. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली गावात बाल संरक्षण समिती असावी लागते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. समितीत कोण आहेत? ती शेवटची केव्हा बसली? आणि ते १० टक्के कशावर खर्च झाले? शाळेच्या व अंगणवाडीच्या भिंतीवर १०९८ रंगवायला किती पैसे लागतात? शाळेच्या संडासाला कडी आणि दिवा बसवायला किती लागतात? भगिनींनो, हे प्रश्न तुम्ही विचाराल तर अधिक वजन पडेल.

आता घरचे. पोर सुटीत परत जायला नको म्हणत असेल, एखाद्या पाहुण्याला पाहून दडत असेल, पोट दुखते असे वारंवार सांगत असेल, तर रागावू नका. जवळ घ्या, विचारा आणि ते सांगेल त्यावर विश्वास ठेवा. "तू तिथं गेलीसच कशाला?" हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. चूक लेकराची नसते.

शेवटी माझ्याबद्दल. असा गुन्हा ज्याला कळला त्याने कळवलेच पाहिजे, असे कायदा सांगतो. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे त्या दिवशी तो फोन मीच करायला हवा होता. आजोबा गरीब होते, घाबरलेले होते. माझ्याजवळ पगार होता, शिक्षण होते, आणि तरी मी किक मारून निघून आलो. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहिले.

हे पान फाडून पंचांगाजवळ अडकवून ठेवा. पुढच्या अंकात हरभऱ्याची बीजप्रक्रिया.