आपला अर्ज आपण लिहू या



१ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने एकीकृत पेन्शन योजना लागू केली आणि १ जानेवारी २००४ नंतर नोकरीस लागलेल्या कर्मचाऱ्यांपुढे पर्यायाचा फॉर्म ठेवला. मुदत आधी ३० जून होती, मग ती ३० सप्टेंबर झाली, मग ३० नोव्हेंबर. जुनी पेन्शन सर्वांना मिळालीच पाहिजे ही आपली मागणी कायम आहे व राहील, त्याबद्दल आज लिहावयाचे नाही. आज लिहावयाचे आहे ते त्या आठ महिन्यांत आम्ही झाशीच्या युनियन कार्यालयात बसून जे पाहिले त्याबद्दल.

रोज दहा-पंधरा माणसे येत. बहुतेकांचा प्रश्न एकच असे, "दादा, बाकीच्यांनी काय भरलं?" योजनेत काय आहे, हे विचारणारे थोडे. फॉर्म वाचून आलेले त्याहून थोडे. ज्या कागदावर आपल्या म्हातारपणाचा घास अवलंबून आहे, तो कागद आपण शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून भरतो, ही गोष्ट आम्हाला चिंतेची वाटते. वास्तविक त्यातील मुख्य हिशेब पेन्सिलीने जमण्यासारखा होता. निवृत्तीपर्यंत पंचवीस वर्षे सेवा भरते की नाही? भरत असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के. कमी भरत असेल तर त्या प्रमाणात. दहा वर्षे तरी झाली असतील तर किमान दहा हजार. एवढे चार आकडे ज्याने स्वतः मांडले तो मग हा पर्याय घेवो वा न घेवो, तो फसला असे कोणी म्हणणार नाही. ज्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप पाहून सही केली, त्याला आजही रात्री झोप नाही.

यात कामगाराची बुद्धी कमी आहे असे समजण्याचे कारण नाही. रात्रीच्या गस्तीवर कंदील घेऊन चालणारा आपला ट्रॅकमन कोणत्या किलोमीटरच्या खांबाजवळ रूळ दगा देतो ते न पाहता सांगतो. पोस्टमनला बीटमधली घरे, घरातली माणसे, त्यातले कोण मुंबईला गेले आणि कोण वारले, सगळे तोंडपाठ असते. अडते ते कागदापाशी. नोकरी लागली त्या दिवशी पाटी-पुस्तक जे ठेवले ते पुन्हा उघडलेच नाही. प्रशासनाचाही दोष आहेच. परिपत्रके अशा भाषेत काढतात की हिंदी समजून घेण्यासाठी इंग्रजी मूळ प्रत शोधावी लागते आणि इंग्रजी समजून घेण्यासाठी ते लिहिणाऱ्या साहेबाला. परंतु प्रशासन भाषा सुधारील तेव्हा सुधारील, तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे काय?

आरोपपत्राचेच घ्या. रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली किरकोळ शिक्षेसाठी एस.एफ. ११ आणि मोठ्या शिक्षेसाठी एस.एफ. ५ येतो. टपाल खात्यात १९६५ च्या नियमांतील नियम १६ आणि नियम १४ तेच काम करतात. एस.एफ. ११ हातात पडल्यावर उत्तराला दहा दिवस असतात. त्यातले पहिले चार दिवस घाबरण्यात जातात, तीन दिवस 'जाणकार' शोधण्यात, आणि उरलेल्या तिनात तो जाणकार कुणाच्या तरी जुन्या उत्तराची नक्कल काढून देतो. आम्ही पाहिलेल्या एका उत्तरात चक्क दुसऱ्याच माणसाच्या गाडीचा नंबर राहून गेला होता. साहेबाने तेवढ्यावर लाल रेघ मारली आणि पुढचे वाचलेच नाही. शिक्षा झाल्यावर अपिलाला पंचेचाळीस दिवस मिळतात, हेही पुष्कळांना छेचाळिसाव्या दिवशी कळते. घटना ज्याच्यासमोर घडली त्यानेच ती आपल्या शब्दांत क्रमाने लिहिली, तर कोणत्याही जाणकारापेक्षा ती बरी उतरते.

झाशीसारख्या ठिकाणी आपल्या मराठी माणसाला आणखी एक अडचण आहे. २००३ सालापर्यंत झाशी मध्य रेल्वेत होती, मुख्यालय मुंबईला होते, भुसावळ-नागपूरकडून बदल्या होत, आणि मराठी कारकून कुठे ना कुठे भेटे. १ एप्रिल २००३ ला उत्तर मध्य रेल्वे झाली, मुख्यालय अलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला गेले. आता सगळा व्यवहार हिंदीत. आपल्याला वाटते, हिंदी येतेच की! लिपी तीच, शब्दही तेच. पण घात तिथेच होतो. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण; आपण शिक्षा म्हणतो त्याला तिकडे 'दण्ड' म्हणतात. म्हणून 'लघु दण्ड' वाचून आपला माणूस समजतो की पाच-पन्नास रुपये भरून सुटका होईल, आणि प्रत्यक्षात वेतनवाढ थांबते. 'आपत्ति' म्हणजे तिकडे हरकत. "आपको कोई आपत्ति हो तो लिखें" याला "साहेब, माझ्यावर कोणतीही आपत्ती नाही" असे उत्तर गेले, तर त्याचा अर्थ हरकत नाही असा होतो आणि प्रकरण संपते. 'चेष्टा' म्हणजे तिकडे प्रयत्न, 'यंत्रणा' म्हणजे यातना. 'राजीनामा' तर फारच जपून वापरावा. आपण नोकरी सोडण्याच्या अर्थाने लिहू, आणि तिकडे त्याचा जुना अर्थ तडजोडनामा असा आहे. प्रत्येकाने असे शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवावेत. अशी चाळीस-पन्नास जोड्यांची यादी झाली की कार्यालयीन हिंदी निम्मी हाती आली असे समजा. विकत मिळणाऱ्या शब्दकोशापेक्षा ती यादी जास्त उपयोगी पडेल, कारण ती आपल्याच कागदांतून निघालेली असेल.

आता कोणी म्हणेल, चाळिशी-पन्नाशीत हे कुठले शिकणे? त्यांना आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण देतो. गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ठाण्यात जन्मलेले लोखंडे सुरुवातीस रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करीत होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे ते तुमच्या-आमच्या दोन्ही खात्यांचे. पुढे ते कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' पत्र चालविले. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्या निवेदनातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर जखमी झाल्यास भरपाई. पाहा, एकही मागणी अशी नाही की जिचा दुसरा अर्थ लावता येईल. वार, वेळ, तारीख, सगळे आकड्यात. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे आपले लाडके वाक्य त्यात कुठे नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. अर्थात ती सुट्टी कागदाने नव्हे, एकजुटीने मिळाली. पण एकजुटीला काय हवे आहे ते कागदाने नेमके सांगितले होते. टपाल खात्याने २००५ साली लोखंड्यांचे तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी नोकरी केली त्याच खात्याने, हे विशेष.

दुसरे नाव आपल्या झाशीशी जोडलेले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते याच शहरात होते, झाशी पडली तेव्हाची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. सुमारे पंचवीस वर्षांनंतर त्यांनी ते आठवून लिहून काढले, आणि 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली ते छापले गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, इतिहास लिहिण्याचे शिक्षणही नव्हते. जे पाहिले ते जसे बोलत तसे लिहिले, एवढेच. त्या काळातल्या झाशीची मराठीतली साक्ष शोधणाऱ्याला आजही या भिक्षुकाच्या दारी जावे लागते. अण्णाभाऊ साठ्यांचे तर सांगायलाच नको. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस मुंबईच्या पाट्या वाचीत अक्षरे शिकला आणि 'फकिरा'सारखी कादंबरी लिहून गेला. सर्वांनी लेखक व्हावे असे आमचे म्हणणे नाही. आपला अर्ज तरी आपण लिहावा.

तर सवय कशी लावावी? आमच्या मते सुरुवात वाचनाने करावी, आणि तेही मोठ्याने. घरी मुलाला समोर बसवून वर्तमानपत्रातली एक बातमी रोज वाचून दाखवावी. जीभ अडखळते तिथे मनही अडखळलेले असते. मग सूचना फलकावरचे एक परिपत्रक घ्यावे, दोनदा वाचावे, आणि कागद उलटा ठेवून त्याचा अर्थ चार ओळींत मराठीत लिहावा. कोणाला लागू आहे, केव्हापासून, काय करायचे, किती तारखेपर्यंत. लिहून झाल्यावर मूळ कागदाशी ताडून पाहावे. पहिल्या आठवड्यात तारीख चुकेल, 'वगळून' हा शब्द नजरेतून सुटेल. महिनाभराने सुटणार नाही. रोज वीस मिनिटे पुरेत. एखादा दिवस ड्यूटीमुळे बुडाला तर बुडू द्यावा, पण सलग दोन दिवस बुडवू नयेत.

लिहिण्यासाठी खिशात छोटी डायरी ठेवावी. रेल्वेतल्या माणसाला हे नवे नाही. फाटकावरचा गेटमन स्टेशन मास्तरशी बोलल्यावर प्रायव्हेट नंबर रजिस्टरात मांडतो, वेळ लिहितो. जी शिस्त आपण गाडीसाठी पाळतो ती स्वतःसाठी का नको? कोणत्या दिवशी सुट्टीचा अर्ज दिला, कोणाच्या हातात दिला, तो काय म्हणाला, जादा काम किती तास झाले, हे त्याच दिवशी लिहिलेले दोन ओळींचे टिपण सहा महिन्यांनी चौकशी अधिकाऱ्यासमोर दहा साक्षीदारांचे काम करते. आणि अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असे धरून चालावे.

सरावासाठी माहिती अधिकाराचा अर्ज फार चांगला, असे आमचे अनुभवाने मत झाले आहे. २००५ चा कायदा आहे, केंद्राच्या खात्यात दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. झाशीत तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. त्या अर्जात 'माझ्यावर अन्याय का झाला' असे विचारून काही मिळत नाही. 'अमुक तारखेच्या ज्येष्ठता यादीची प्रत द्यावी' असे विचारले तर मिळते. नेमके विचारायची सवय या एका अर्जाने जितकी लागते तितकी दहा भाषणांनी लागत नाही. पदोन्नतीच्या विभागीय परीक्षांत आणि पोस्टमन-एम.टी.एस. च्या परीक्षांत हीच सवय उपयोगी पडते.

मोबाईलबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पास आता एच.आर.एम.एस. वर निघतो, पोस्टमनच्या हातात बँकेचे काम आले आहे, आणि रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यापासून खिडकीवर रोज कोणाला तरी ते समजावून सांगावे लागते. यंत्राला विरोध करून भागणार नाही. पण मुलाला "जरा पास काढून दे" म्हणताना पासवर्डही त्याच्याच हवाली करणे, हे शिकणे नव्हे. एकदा त्याला काढू द्यावा, दुसऱ्यांदा आपण काढावा आणि त्याने नुसते पाहावे. निरोप पुढे ढकलण्यापूर्वी त्यावर परिपत्रकाचा क्रमांक व तारीख आहे का ते पाहावे. नसेल तर तो आपल्यापाशीच राहू द्यावा.

बोलण्याचे म्हणाल तर शाखेची सभा हीच शाळा. आपल्या सभांत तीच चार माणसे बोलतात, आणि लांब बोलतात. झाशीत आम्ही ठरविले आहे की यापुढे प्रत्येक मासिक सभेत, कधीही न बोललेल्या दोन सभासदांना तीन-तीन मिनिटे द्यायची. त्यांत एक भगिनी असावी. विषय त्यांच्याच सेक्शनमधला. बसल्या जागेवरून नाही, उभे राहून. पदाधिकाऱ्यांनी मध्ये बोलू नये, आणि हसणाऱ्याला पुढच्या सभेत उभे करावे.

इतर शाखांनाही विनंती आहे. पुढील अंकापासून या मराठी विभागात एक पान सभासदांच्या लिखाणासाठी राखले आहे. मजकूर एका फुलस्केप बाजूपेक्षा मोठा नसावा. स्वतःच्या हाताने लिहावा, टाईप करून आणू नये. तारीख, स्टेशन किंवा पोस्ट ऑफिसचे नाव आणि घडलेली गोष्ट एवढे त्यात असावे. शुद्धलेखन आम्ही तपासू, पण कोणाची वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोकणी वळणाची मराठी बदलणार नाही. साहेबांचे नाव घालू नये, पदनाम पुरे. मजकूर दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आपल्या शाखा सचिवांकडे द्यावा व त्यांच्याकडून पोच घ्यावी.