मॅमोग्राफी यंत्राआधी प्रशिक्षित हात

ऑक्टोबर आला की देशभर मोफत मॅमोग्राफी शिबिरांची छायाचित्रे झळकू लागतात. यंत्र उपयुक्त आहे, पण त्याच्या मर्यादेचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. तरुण वयात स्तनामध्ये ग्रंथी व तंतुमय ऊती अधिक असतात. त्या आणि कर्करोगाची गाठ क्ष-किरण जवळपास सारखेच शोषतात. पांढऱ्यावर पांढरे, गाठ दिसणार कशी? भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दशकभर आधी गाठतो, त्यामुळे ही अडचण येथे अधिक जाचते.

मुंबईतला पुरावा मात्र क्वचितच चर्चेत येतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ पासून वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा दोन दशके मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चारदा, केवळ हातांनी स्तनतपासणी केली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात लक्षणीय घट आढळली नाही.

केंद्राच्या कार्यक्रमात तिशीपासून तपासणी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्क्याचीही स्तनतपासणी कधी झालेली नव्हती. मनुष्यबळ इतके अपुरे असताना आरोग्यसेविकेने आधी पन्नाशीपुढच्या स्त्रीचे दार ठोठावावे. निधीही प्रथम तिच्या प्रशिक्षणाला द्यावा आणि गाठ सापडलेल्या स्त्रीला बायोप्सीपर्यंत, पुढे उपचारांपर्यंत पोहोचवण्याला. फिरत्या यंत्राची गाडी त्यानंतर.