वेगमर्यादा वरून, गुन्हा चालकाच्या माथी

१७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमध्ये रंगापानी व चत्तरहाट या स्थानकांदरम्यान एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. दहा माणसे प्राणास मुकली. चौकशीस तोंड फुटण्याआधीच, त्याच दिवशी, रेल्वे बोर्डाने निवाडा देऊन टाकला: मालगाडीच्या चालकाने सिग्नल मोडला! तो चालक अपघातातच मृत्युमुखी पडला होता. मेलेला कामगार खुलासा करीत नाही, ही वरिष्ठांची केवढी सोय!

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने पुढे काय उघडकीस आणले? ऑटोमॅटिक सिग्नल बिघडल्यामुळे चालकांना 'टी-ए ९१२' हा परवाना देण्यात आला होता. लाल सिग्नल ओलांडण्याची मुभा त्यात होती. गाडी किती वेगाने न्यावी, याचा त्यात उल्लेखच नव्हता! कांचनजंगाचा चालक ताशी १५ किलोमीटरने, प्रत्येक सिग्नलशी थांबत गेला. त्या सकाळी परवाना मिळालेल्या इतर गाड्या तशा गेल्या नाहीत. एकाच कागदाचे असे निरनिराळे अर्थ निघत असतील, तर दोष वाचणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा? आयुक्तांनी बोट ठेवले ते वाहतुकीच्या गैरव्यवस्थेवर.

वेग वाढवावयाचा असतो तेव्हा मात्र कागदपत्रांची कमतरता नसते. लखनौची रेल्वे संशोधन संस्था चाचण्या घेते, रूळ, पूल व सिग्नल यांची ग्वाही दिली जाते आणि मग सुरक्षा आयुक्त मंजुरी देतात. हे योग्यच आहे. परंतु ज्या क्षणी यंत्रणा कोलमडते, नेमक्या त्याच क्षणी ही सारी काटेकोर शिस्त गळून पडते आणि शेकडो उतारूंचे प्राण एका अर्धवट छापील कागदावर सोपवले जातात. त्या कागदाखाली सही स्टेशनमास्तरची, अंमल चालकाचा. नियम करणारे कोठेच नाहीत.

सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवला आहे, तो रेल्वेपासून स्वतंत्र राहावा म्हणून. पण त्याच्या शिफारशी स्वीकारावयाच्या की नाही, हे अखेर रेल्वे बोर्डच ठरवते. आरोपीनेच निकालपत्र तपासावे, असा हा न्याय!

म्हणून रेल्वे कामगारांची मागणी स्पष्ट असली पाहिजे. सिग्नल बंद असताना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक परवान्यावर वेगाचा आकडा ठळक छापा. वेगमर्यादांचा फेरविचार जेथे होतो तेथे चालक व स्टेशनमास्तर यांच्या संघटनांचे प्रतिनिधी बसवा. आयुक्तांची शिफारस नाकारावयाची असेल, तर कारणे संसदेपुढे मांडा. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही चालकाला, जिवंत असो वा मृत, गुन्हेगार ठरवू नका.