पप्पांच्या पिकअपवरची काडी

आमच्या पिकअपच्या टपावर सध्या एक काडी उभी आहे. उंची एकोणपन्नास सेंटिमीटर, खाली लोहचुंबकाचा गोल तळ. इस्लापूरच्या स्टँडवर तिच्याबद्दल आत्तापर्यंत तीन प्रश्न विचारून झालेत. पहिला, यावर मॅच दिसते का? दुसरा, फायनान्सवाल्यांनी जीपीएस बसवलं का? तिसरा माझ्या आजीचा होता : लिंबू-मिरची बांधायला केली का गं ही?

खरं सांगायचं तर त्या काडीच्या खाली अजून काहीच नाही! वायर दाराच्या रबरातून आत येते, डॅशबोर्डखाली जाते आणि तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळून लटकते. सेट नाही, कारण लायसन्स यायचंय. हॅम रेडिओची परीक्षा मी देऊन बसले आहे, आणि लायसन्स हातात पडल्याशिवाय ट्रान्समीटर जवळ ठेवायचा नाही असं ठरवलंय. होस्टेलमध्ये यावरून माझी जी चेष्टा चालली आहे ("हॅलो हॅलो, चार्ली, मेसमध्ये आज काय आहे, ओव्हर") तिला एकदाच सगळ्यांना उत्तर द्यावं म्हणून हा लेख. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पप्पा एका तांड्यावरून दम्याच्या एका म्हाताऱ्या पेशंटला घेऊन दवाखान्याकडे निघाले होते. रात्रीचे नऊ-साडेनऊ. पुढच्या नाल्याला पाणी आलं म्हणून गाडी वळवली, तर तोवर मागचाही नाला भरला. दोन नाल्यांच्या मधे गाडी, गाडीत पप्पा, पेशंट आणि त्याचा मुलगा. मोबाइलला रेंज नाही. आमच्याकडे लाइट गेली की टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग टॉवरही झोपतो. इकडे आई रात्रभर फोन लावत बसली. पहाटे चारला पाणी उतरलं आणि गाडी निघाली. आजोबा वाचले. या गोष्टीत कुणी मेलं नाही, म्हणून ती पेपरात आली नाही.

पण सकाळी चहा पिताना एक गोष्ट कळली ती माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी जिथे अडकली तिथून अर्ध्या किलोमीटरवर, त्याच दोन नाल्यांच्या मधे, एक गाव आहे. त्या गावात उपकेंद्रातल्या एका सिस्टरचं माहेर आहे. सिस्टर त्या रात्री तिथेच होत्या आणि दम्याचा पंपही त्यांच्याकडे होता. आईला हे माहीत होतं. पप्पांना माहीत नव्हतं. पाच सेकंदांचं एक वाक्य इकडून तिकडे जायला पाहिजे होतं, ते सात तास गेलं नाही. आणि मी इकडे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला, मॉड्युलेशनच्या डेरिव्हेशन्स पाठ करत होते.

मग मी हॅम रेडिओच्या मागे लागले. हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. कंपनी नाही, टॉवर नाही, बिल नाही. एका अँटेनापासून दुसऱ्या अँटेनापर्यंत सरळ लहरी. आपल्याकडे यासाठी १९७८ चे नियम आहेत, परीक्षा दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा घेते, वय बारा पूर्ण असलं की बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला रेडिओची थोडी थिअरी आणि नियम एवढाच अभ्यास. जनरल ग्रेडला मोर्स कोडही लागतो, मिनिटाला आठ शब्द. राजीव गांधी हॅम होते, त्यांचा कॉलसाइन व्हीयू-टू-आरजी. (हे सांगितल्यावर आमचे लॅब असिस्टंट पहिल्यांदा माझं पूर्ण ऐकून घ्यायला लागले.)

हा नुसता छंद आहे असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच भागातलं उदाहरण देते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं उद्ध्वस्त झाली, आठ-दहा हजार माणसं गेली. मोबाइल फोन तेव्हा देशात आलाच नव्हता. त्या वेळी हॅम आपापले सेट घेऊन तिथे मदतीला गेले होते. २००१ ला भुजला हेच झालं. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद नावाच्या हॅम अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओवर जगभरच्या हौशी लोकांशी गप्पा मारायला म्हणून गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तोच सेट निरोपांसाठी उघडा राहिला. पश्चिम बंगालमध्ये गंगासागरच्या जत्रेत हरवलेली माणसं घरी पोचवायचं काम तिथला रेडिओ क्लब वर्षानुवर्षं करतोय. आपल्या माहूरच्या यात्रेत, माळेगावच्या जत्रेत काय कमी माणसं हरवतात?

"पण आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे की!" आहे ना. माझ्या पप्पांकडे दोन आहेत, दोन्ही त्या रात्री टॉर्च म्हणून वापरले. "मग सॅटेलाइट फोन घे." त्याला आपल्याकडे याहून कडक परवानगी लागते, आणि किंमत ऐकून पप्पा पिकअप विकायला काढतील.

आता प्रत्यक्ष बसवण्याबद्दल, कारण आपल्याला वाटतं तितकं ते सोपं नाही आणि आपल्या लॅबमध्ये शिकवतात तितकं अवघडही नाही. गॅरेजवाल्या काकांनी पहिल्यांदा सगळं माझ्या धाकट्या भावाला समजावून सांगितलं. तो नववीत आहे. नंतर म्हणाले, लायटरच्या सॉकेटमधून सप्लाय घेऊ, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, काका, पन्नास वॉटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, ती बारीक वायर तापेल. सेटची वायर थेट बॅटरीवरूनच आणायची, जाड घ्यायची, आणि प्लस-मायनस दोन्हींना बॅटरीच्या जवळच फ्यूज टाकायचा. जवळच का? वायर पुढे कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग कुणी वाचवत नाही म्हणून. काकांनी मान्य केलं. शेवटी माझ्याशी बोलले.

काडीची लांबी हे साधं गणित आहे. आपल्याकडे हॅमचा दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. १४५ ला तरंगलांबी दोन मीटरच्या थोडी वर, तिचा पाव भाग साधारण बावन्न सेंटिमीटर, त्यातून पाच टक्के कमी. झाले एकोणपन्नास. पण पाव तरंगलांबीच्या काडीला खाली धातूचा पत्रा लागतो, तो तिचा उरलेला अर्धा भाग असतो. म्हणून ती टपाच्या मधोमध हवी, बंपरवर किंवा आरशाच्या दांडीवर नको. मला भोक पाडून पक्की बसवायची होती. पप्पा म्हणाले, "भोक पाडायचं नाव घेऊ नको माय, पावसाळ्यात पाणी माझ्या डोक्यावर गळंल." म्हणून चुंबक. खड्ड्यांच्या रस्त्याला चुंबक किती टिकतो ते बघायचंय. पाणी तरी पहिल्याच पावसात वायरवरून ओघळत आत आलंच. मग दाराबाहेर वायरला खाली झोळ देऊन बांधली, आता थेंब त्या झोळावरून बाहेरच पडतात. हे कुठल्याच टेक्स्टबुकात नव्हतं, आजीने सांगितलं. पत्र्याच्या घराला वायर अशीच आत घेतात म्हणे.

आणखी एक, जे परदेशातल्या कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. आमच्या पिकअपमध्ये मागे माणसं उभी असतात. केबिनच्या टपाला धरून. काडी त्यांच्या तोंडासमोर येते, कुणी तिला आधार म्हणूनही धरतं. बोलताना त्या काडीतून पॉवर बाहेर पडते, जवळून चटका बसतो, डोळ्यांना तर अजिबात चांगलं नाही. तेव्हा मागे माणसं असताना बटण दाबायचं नाही, हा आमच्या गाडीचा पहिला नियम.

खर्च मी सांगत नाही, कारण सेट अजून घेतलेला नाही. पण एक सावध करते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी मागवू नका. लायसन्सचा उल्लेखही न करता असे सेट विकले म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या. विकणारा दंड भरून मोकळा होईल, आपलं करिअर आपल्यालाच आहे.

पप्पांना सगळं पटलं होतं. मग त्यांनी विचारलं, "भोकरला कापसाचा भाव काय चाललाय ते विचारता येईल ना यावर?"

नाही येणार. हॅमवर धंद्याचं बोलायचं नाही, हा नियम जगभर आहे. भाव, भाडं, माल पोचला का, काही नाही. पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. (त्यासाठी सत्तावीस मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड आहे, पाच वॉटपर्यंत २००५ पासून लायसन्स लागत नाही. पण तिथेही पलीकडे कुणी तरी ऐकणारा पाहिजेच.) आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. लायसन्स माझ्या नावावर आलं म्हणून पप्पा बोलू शकत नाहीत, ज्याचं लायसन्स त्यानेच बोलायचं. गाडीतून बोलायची परवानगी आहे ना, तेही आधी पाहून घ्यावं लागतं. म्हणजे परीक्षा पप्पांनीही द्यायची. मी चाचरत सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "देईन की. पण बोलू कुणाशी मी?"

या एका प्रश्नावर माझं सगळं इंजिनिअरिंग थांबलं. खरंच, कुणाशी? एकट्याचा रेडिओ म्हणजे एका हाताची टाळी. हिशेब केला : अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तितके किलोमीटर तिचं क्षितिज. पिकअपवरच्या काडीची उंची जमिनीपासून सव्वादोन मीटर धरली तर सहा किलोमीटर. दोन पिकअप एकमेकींशी बोलल्या तर बारा. पण घरावर सोळा मीटरचा पाइप उभा केला तर त्याचे साडेसोळा आणि गाडीचे सहा, बावीसच्या वर जातं. मधे टेकडी आली तर गणित संपलं, आणि किनवटकडे टेकड्या आणि जंगलच जास्त. माहूरगडासारख्या उंचीवर रिपीटर बसला तर गोष्ट वेगळी, पण ते माझ्या पॉकेटमनीत बसत नाही.

तर घरावरच्या पाइपखाली बसून बोलणार कोण? आई. तिनेच सांगितलं. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, पण कुठल्या गावात कुणाचं माहेर आहे हा डेटाबेस तिच्याकडे आहे, आणि त्या रात्री तोच पाहिजे होता. अडचण अशी की अभ्यासाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. म्हणून सध्या रविवारी मी आई-पप्पांसाठी मराठीत नोट्स काढते आहे. मी, जिने शाळेत मराठी बोललं म्हणून फाइन भरला आहे! कपॅसिटरला धारित्र म्हणतात हे मला माझ्या आजोबांच्या जुन्या पुस्तकातून कळलं. आईला मात्र कपॅसिटरच सोपं जातं. "पंख्याचा कंडेन्सर ना तो?" म्हणाली. हो, तोच.

आता माझं म्हणणं ऐका, आणि सरांनीही ऐकावं. आपल्या होस्टेलमध्ये किनवटचं कुणी आहे, हिमायतनगरचं आहे, माहूर, उमरी, देगलूर, मुखेड, सगळीकडचं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं, सैन्य बोलवावं लागलं. त्या रात्री आपल्या इथली दोन पोरं घरी फोन लागत नाही म्हणून गॅलरीत बसून होती. मी त्यांच्याजवळ बसले होते. २०२४ मध्ये मार्चला आणि परत जुलैला हिंगोलीकडे साडेचारचे भूकंप झाले, तेव्हा सगळ्यांनी आधी काय केलं? फोन. सगळ्यांनी एकदम, म्हणून कुणाचाच लवकर लागला नाही. जिथे जिथे निरोप अडकतो, त्या प्रत्येक तालुक्यातला एक विद्यार्थी आपल्या मेसमध्ये जेवतो. टेकफेस्टला रोबोरेससाठी दरवर्षी ट्रॅक बनवून दुसऱ्या दिवशी मोडतो, त्याऐवजी एक वर्ष कॉलेजच्या नावाने क्लब स्टेशनचं लायसन्स काढू. सांभाळायला लायसन्सवाला माणूस लागतो, आपल्या स्टाफपैकी कुणी तरी परीक्षा द्यावी. पुढच्या तालुक्यातल्या घराशी दोन मीटरवर बोलता येणार नाही हे मला माहीत आहे, त्याला सात मेगाहर्ट्झ लागेल, लांब वायर लागेल. गच्ची आहे. वायर आहे. ईडीसी लॅबमध्ये पडलेले तीन पॉवर सप्लाय आहेत.

सर म्हणाले, आपत्तीसाठी पोलिसांची वायरलेस यंत्रणा असते, आपण मधे पडू नये. सर, पोलिसांच्या कामात कुणी पडत नाही. पण दम्याचा पंप कुणाच्या माहेरी आहे ते पोलिस वायरलेसवर कोण विचारणार?

लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डवर मी एक कागद लावला आहे. ज्यांना परीक्षेला बसायचंय त्यांनी नाव आणि तालुका लिहायचा. बॉइज होस्टेलवाल्यांनी वॉचमन काकांकडे चिठ्ठी द्यावी. आत्तापर्यंत पाच नावं आहेत. एक किनवट, दोन मुखेड, एक भोकर, आणि पाचवं कुणी तरी गंमत म्हणून मेसच्या मावशींचं लिहिलंय. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, परीक्षा कधी आहे?