उमेदवारी कोणाच्या पैशावर?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अंगणात बसून मी वहीच्या कोपऱ्यांवर बैल काढीत होते. एका पानावर एक, दुसऱ्यावर दुसरा, असे चाळीस बैल. पाने अंगठ्याने भराभर सोडली की बैल चालू लागतो. शेजारच्या मावशींनी तो चालताना पाहिला, त्या खुदकन हसल्या आणि लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, "चांगलं हाय गं, पण बैल चालवून पोट भरतं का?" आमच्या गावात बैल चालवूनच पोटे भरत आली आहेत, हे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही.

मावशींचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पदवी घेऊन पुढे काय, हे विचारायला घरात कोणी नाही आणि सांगायलाही कोणी नाही. मला ॲनिमेशन शिकायचे आहे, त्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागेल, एवढे मी घरी बोलून दाखविले. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लग्नाला म्हणून थोडं ठेवलेलं हाय. त्यातलं लाव की." त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने नव्हे, भीतीने. कारण हाच प्रसंग तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांच्या घरी घडला होता, आणि पुढे काय झाले ते मी पाहिले होते.

माझा चुलतभाऊ शाळेत असताना फळ्यावर गुरुजींचे चित्र काढी आणि मारही खाई. बारावीनंतर त्याने पुण्यातील एका खाजगी संस्थेची जाहिरात पाहिली. अभ्यासक्रम दीड वर्षाचा, फी अडीच लाख आणि नोकरीची 'शंभर टक्के हमी'. चुलत्यांनी दोन एकरांपैकी एक एकर गहाण ठेवले. दादा धाराशिवच्या स्टँडवरून एस.टी.त बसला आणि बार्शी-टेंभुर्णीवरून पुण्याला गेला. एका खोलीत चौघे. खोलीचे नव्हे तर कॉटचे भाडे. मेसचा डबा एक घ्यायचा आणि दोन वेळा पुरवायचा. संस्थेत संगणक होते, पण शिकविणारे दर दोन महिन्यांनी बदलत. प्रोग्रॅममधील कोणते बटण कशासाठी, हे त्याला शिकविले गेले. माणूस चालताना वजन कोणत्या पायावर पडते, हे मात्र कोणी शिकविले नाही.

नोकरी लागली, नाही असे नाही. परदेशी चित्रपटातील नटाच्या हाताभोवती, केसाभोवती, कोटाच्या बाहीभोवती प्रत्येक फ्रेममध्ये रेषा ओढून तो आकार वेगळा करायचा, हे ते काम. त्याला रोटो म्हणतात. ट्रिक सीन करणाऱ्या स्टुडिओत नवा मुलगा बहुधा तेथूनच सुरुवात करतो. पहिले सहा महिने 'शिकतो आहेस' म्हणून पगार नाममात्र. काकू फोनवर विचारी, "तुझं कार्टून कधी लागणार टीव्हीवर?" दादा म्हणे, "लागंल की." अजून लागलेले नाही. आता त्याचे पोट भरते, थोडेथोडे कर्जही फिटते आहे. तो परत यायलाही तयार नाही. परंतु मागच्या जत्रेला आला तेव्हा माझी वही चाळीत तो एवढेच म्हणाला, "तिथं मला अजून कुणी चित्र काढ म्हटलं नाही."

त्या एका वाक्याने मला या विषयाचा शोध घ्यायला लावले. आपल्याकडे ही कला कोठून आली, पहिली माणसे कशी शिकली, त्यांचे भाडे कोण भरीत होते?

शोधताना जे सापडले ते चकित करणारे होते. १९५६ साली मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग होता आणि तेथे शिकविण्यासाठी क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ आले होते. डिस्नेच्या स्टुडिओत 'बांबी'सारख्या चित्रपटांवर काम केलेला हा माणूस. मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म भारतातच झालेला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राममोहन हे एक. चित्रकलेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन ते मुंबईला पुढील शिक्षणासाठी आले होते. ते शिक्षण त्यांनी सोडले आणि १९५६ मध्ये या विभागात नोकरी धरली. वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली या मंडळींनी जातककथेवरील 'द बनियन डीअर' हा कार्टूनपट १९५७ साली पुरा केला. पुढे राममोहन यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटले जाऊ लागले आणि २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते वारले.

दुसरे उदाहरण भीमसेन यांचे. जन्म मुलतानचा; फाळणीनंतर कुटुंब लखनौला आले. तेथे चित्रकला आणि संगीत शिकून हा तरुण मुंबईला आला आणि १९६१ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमीची चित्रे रंगविण्याच्या कामावर लागला. पार्श्वभूमी रंगविता रंगविता ॲनिमेशनची कला त्यांनी तेथेच आत्मसात केली. १९७० मध्ये त्यांचा 'द क्लाइंब' शिकागोच्या महोत्सवात गौरविला गेला आणि १९७४ मध्ये विजया मुळे यांच्याबरोबर त्यांनी 'एक अनेक और एकता' केला. पक्षी जाळ्यासकट उडून जातात ते चित्र पुढे दूरदर्शनमुळे घरोघर पोहोचले.

मित्रहो, या दोघांच्या गोष्टीत मला प्रतिभेपेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. दोघेही परक्या शहरातून आले होते आणि दोघेही शिकत असताना पगार घेत होते. आधी नोकरी, मग शिक्षण. चुकलेल्या रेषेचा खर्च संस्था सोशीत होती. याला आपल्या भाषेत उत्तम शब्द आहे, तो म्हणजे उमेदवारी. सुताराकडे, शिंप्याकडे, गवंड्याकडे पोरगा उमेदवारी करतो तेव्हा त्याला पैसे कमी मिळतात हे खरे; पण तो उस्तादालाच अडीच लाख देऊन रंधा धरीत नाही. माझ्या दादाच्या बाबतीत क्रम उलटा झाला. आधी फी, मग उमेदवारी. आणि दोन्ही गहाण पडलेल्या एका एकराच्या जिवावर. राममोहन आणि भीमसेन यांच्या वेळी जो भार संस्थेच्या खांद्यावर होता, तो आज कोरडवाहू शेतकऱ्याच्या खांद्यावर आला आहे. माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

यावर कोणी म्हणेल की कला ही घर विकूनच करायची असते. दादासाहेब फाळक्यांनी नाही का विमा पॉलिसी गहाण ठेवली? खरे आहे. भारतात ॲनिमेशनचे मूळ शोधायचे तर तेही फाळक्यांपाशीच जाते. वाटाण्याचे बी कुंडीत लावून त्याचे रोप होईपर्यंत त्यांनी १९१२ मध्ये एकेक फ्रेम टिपली, आणि पुढे काड्यापेटीतील काड्या नाचविणारी 'आगकाड्यांची मौज'ही केली. पण पॉलिसी गहाण ठेवली तेव्हा फाळक्यांनी चाळिशी ओलांडली होती. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे आणि बडोद्याच्या कलाभवनाचे शिक्षण, छायाचित्रणाचा व छापखान्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. त्यांनी स्वतःची पॉलिसी ठेवली. एकोणीस वर्षांच्या मुलाने बापाची जमीन नव्हे. स्वतः धाडस करणे आणि दुसऱ्याकडून जाहिरातीच्या भरवशावर धाडस करवून घेणे, यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप माझ्या वर्गमैत्रिणींचा. त्या म्हणतात, "आता शहर कशाला हवे? मोबाईलवर सगळे शिकता येते." यातही तथ्य आहे. ब्लेंडर नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातील मंडळींनी त्यावर 'फ्लो' नावाचा एका मांजराचा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. मीही फोनवर बोटाने चित्रे काढते. परंतु माझा बैल मागचा पाय घसरल्यासारखा टाकतो. चूक कोठे आहे हे मला चार महिने कळत नव्हते. ते कळले वडिलांना. वही पाहून ते म्हणाले, "याचं वझं पुढं गेलंच नाही." फोन चित्र दाखवितो, पण चूक दाखवायला माणूस लागतो. शहराची खरी किंमत तेथील संगणकात नाही. शेजारच्या टेबलावर आपल्यापेक्षा चांगला हात असलेला कोणीतरी बसलेला असतो, त्यात आहे. भीमसेन यांना तेच मिळाले, दादाला तेच मिळाले नाही. म्हणून शहराला जाऊच नये असे मी म्हणत नाही. जावे, पण टेबल शोधायला जावे, प्रमाणपत्र विकत घ्यायला नव्हे.

आज सरकार या क्षेत्राकडे पुन्हा पाहू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत पेडर रोडवर, जेथे पूर्वी फिल्म्स डिव्हिजन होते त्याच आवारात, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेचे पहिले केंद्र सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स व गेमिंग यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. आनंदच आहे. पण पेडर रोड आणि आमचा पाणंदरस्ता यांच्यामध्ये जे अंतर आहे ते धोरणाने आपोआप कमी होत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम या देशात १९६१ पासून आहे. त्यात उमेदवाराला विद्यावेतन देण्याची तरतूद आहे. आयटीआयच्या मुलांना तो ठाऊक असतो. कला शाखेच्या मुलांना त्याचे नावही कोणी सांगितलेले नसते. स्टुडिओंना सवलती द्यायच्या असतील तर जरूर द्याव्यात. मात्र प्रत्येक सवलतीच्या मोबदल्यात काही उमेदवार पगारावर घेऊन शिकविण्याची अट असावी आणि त्यांत काही जागा आमच्यासारख्या जिल्ह्यांच्या असाव्यात. फ्रेमभोवती रेषा ओढण्याचे काम आता यंत्राकडे जाऊ लागले आहे. पहिली पायरीच नाहीशी झाली तर खेड्यातील पोराने चढायचे कोठून, हा प्रश्न म्हणूनच आजचा आहे.

सरकारचे सरकार पाहील. आपण काय करू शकतो? प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की महाविद्यालयाने पुण्या-मुंबईत आणि उमरग्याच्या मुलांना जवळच्या हैदराबादेत स्थिरावलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची एक वही ठेवावी. नवख्या मुलाला पहिले आठ दिवस टेकायला जागा आणि खरे सांगणारा एक माणूस मिळाला तरी पुष्कळ झाले. संगणक कक्ष आठवड्यातून दोन संध्याकाळी चित्र काढणाऱ्यांसाठी उघडा ठेवावा. आणि मित्रांनो, फी भरण्यापूर्वी आपण चार प्रश्न विचारू या. शिकविणाऱ्याने स्वतः काय केले आहे, ते दाखवाल का? मागच्या तुकडीतील तीन मुलांशी बोलता येईल का? नोकरीची हमी म्हणजे कोणते काम आणि किती पगार? मध्येच सोडले तर पैसे परत मिळतील का? या प्रश्नांना जो उत्तर देत नाही, त्याच्या दारात आईबापांचा घाम नेऊन ओतू नये. दादाने हे विचारले नाहीत, कारण विचारायचे असतात हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. पहिल्या पिढीचे दारिद्र्य नुसते पैशाचे नसते, ते प्रश्नांचेही असते.

राहिला माझा निर्णय. अण्णांना मी सांगितले आहे की लग्नाचे पैसे लग्नालाही नकोत आणि फीलाही नकोत. ते तूर्त आहेत तेथेच राहू द्या. पदवी पुरी होईपर्यंतच्या दीड वर्षात मी एक मिनिटाचा कार्टूनपट करणार आहे. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी सातशे वीस चित्रे होतात. म्हणजे आठवड्याला दहा. एवढे माझ्याच्याने झाले नाही, तर मला ही कला आवडते पण करवत नाही, हे फुकटात कळेल. आणि झाले, तर ते एक मिनिट घेऊन मी पुण्या-मुंबईच्या दारांवर जाईन आणि अभ्यासक्रम नव्हे, उमेदवारी मागेन. मिळेलच असे नाही. पण मागताना माझ्या मागे गहाणखत नसेल.

परवा बैलाचा पाय नीट पडला. अण्णांनी वही दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "आता कसं, नांगराला जुंपायसारखा झाला." मावशींच्या प्रश्नाचे पुरे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. बैल मात्र चालू लागला आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष